मा-ला आणि तिरफळं

चायनीज आपल्याला आवडतं, ह्याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. डोंबिवलीत वाढलेल्या कुठल्याच मुलीच्या मनात नसावी. स्टेशनबाहेर लाल रंगाची गाडी, तिच्यावर ड्रॅगनचं चित्र, भडकलेल्या ज्वाळेवर आदळणारी कढई, ट्रिपल शेजवान, मंच्युरियन आणि मागाल तितकी मिळणारी लालभडक चटणी. कॉलेजात असताना आमचे वाढदिवस, भांडणं, समेट, सगळं ह्या गाडीच्या साक्षीने झालं. आता हे मंच्युरियन मांचुरियातल्या कुणी जन्मात पाहिलेलं नाही. कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वाँग नावाच्या आचाऱ्याने ते १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा केलं असं सांगतात. म्हणजे ते आपलंच, वडापावाइतकंच. आणि शेजवान म्हणजे सिचुआन ह्या चिनी प्रांताच्या नावाचं आपण केलेलं बारसं.

तर मंडळी, २०१६ च्या सप्टेंबरात कंपनीने मला दोन वर्षांसाठी चक्क शेजवानलाच पाठवलं!

चेंगदू ही सिचुआनची राजधानी. वस्ती दोन कोटींच्या वर, समुद्र हजारभर किलोमीटर लांब, आकाश वर्षातले बरेच दिवस राखाडी. २०१० साली युनेस्कोने ह्या शहराला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला होता. हे मी जाण्याआधी इंटरनेटवर वाचलं आणि आईला मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्यावर तिने माझ्या तेवीस किलोच्या बॅगेत दहा किलो खाऊ भरला. मेतकूट, भाजणी, चिवडा, गोडा मसाला, तांदळाच्या कुरडया. "काय मिळेल न मिळेल. आणि काहीबाही खाऊ नकोस हो." काहीबाही ह्या शब्दात काय काय येतं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोघींनाही माहीत होतं.

पहिले तीन आठवडे मी अक्षरशः ह्या बॅगेवर काढले. तिथे जेवणाची वेळ म्हणजे बारा. सव्वाबारा नाही, बारा. बाराच्या ठोक्याला आख्खं ऑफिस उठतं, लिफ्टपुढे रांग लागते आणि मजला रिकामा होतो. एक वाजता सगळे परत येतात, दिवे मालवतात आणि टेबलावर डोकं ठेवून अर्धा तास झोपतात. (ही पद्धत आपल्याकडे का नाही, हा प्रश्न मला अजून पडतो.) ह्या सगळ्या वेळात मी पँट्रीत बसून मेतकूट भात खायची. पहिल्या आठवड्यात लोकांनी बोलावलं. मी हसून डबा दाखवला. दुसऱ्या आठवड्यात बोलावणं कमी झालं. तिसऱ्या आठवड्यात मला जाणवलं की ह्या लोकांची निम्मी कामं जेवताना ठरतात. दीड वाजता मीटिंग सुरू व्हायची तेव्हा निर्णय आधीच झालेला असायचा आणि मला तो प्रेमाने समजावून सांगितला जायचा. पाहुण्यांना सांगतात तसा.

कुरडया संपत आल्या होत्या. पुण्याच्या ऑफिसातल्या माझ्या वरिष्ठांना "हे काही जमेलसं वाटत नाही" असं एक मेल मी लिहून ठेवलं होतं. पाठवलं नव्हतं इतकंच.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसायच्या. चाळिशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, टीममध्ये सर्वात जुन्या. सगळे त्यांना आडनावापुढे 'ज्ये' लावून हाक मारत. ज्ये म्हणजे ताई. मीही त्यांना नुसतं ज्येज्ये म्हणायला लागले. त्यांचं इंग्रजी बेताचं, माझं चिनी त्याहून बेताचं, आणि फोनमधलं भाषांतराचं यंत्र आम्हा दोघींहून विनोदी. त्या मला रोज सकाळी विचारायच्या, "छ्र ल मा?" म्हणजे जेवलीस का? तिकडे जुन्या पद्धतीने वागणारी माणसं 'कसं काय' ऐवजी हेच विचारतात. अगदी आपल्या गावाकडच्यासारखं. उत्तराची अपेक्षा नसते, पण विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत.

तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी टीमने माझ्या स्वागताचं जेवण ठरवलं. अर्थातच हॉटपॉट. चेंगदूमध्ये माणूस आला, गेला, पास झाला, नापास झाला तरी हॉटपॉट. मधोमध खळगा असलेलं मोठं गोल टेबल, खळग्यात शेगडी, शेगडीवर परातीएवढं पातेलं आणि त्यात लाल तेलाचा समुद्र. मूठमूठ सुक्या मिरच्या त्यात पोहत असतात. आजूबाजूला कच्च्या जिनसांच्या बशा. जे हवं ते चॉपस्टिकने उचलायचं, उकळत्या रश्श्यात धरायचं, शिजलं की वाटीतल्या तिळाच्या तेलात आणि ठेचलेल्या लसणात बुडवून खायचं.

मी घरून एक वाक्य घोकून गेले होते. "वो बू छ्र न्यूरोऊ." मी गाईचं मांस खात नाही. मासे खाते, कोंबडी खाते, बकऱ्याचं खाते, आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे. पण हे नाही. आणि ह्यामागे माझं काही फार मोठं तत्त्वज्ञान आहे असंही नाही. आमच्या घरात ते नाही, आजीच्या घरात नव्हतं, माझ्याने होत नाही. एवढंच कारण. ते धड मराठीतही समजावता येत नाही, तर चिनीत काय सांगणार? वाक्य म्हटलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, गाईच्या मांसाच्या बशा माझ्यापासून लांब सरकल्या. मी चॉपस्टिकमध्ये बटाट्याची चकती पकडली (बटाटा हा जगातला सर्वात विश्वासू मित्र आहे) आणि पातेल्याकडे नेली.

ज्येज्येंनी माझा हात धरला.

त्या काहीतरी भराभर बोलल्या, मग फोनवर बोट नाचवलं आणि फोन माझ्यापुढे धरला. त्यावर आलं होतं, 'तेल गाय आहे'.

तर ते लाल तेल म्हणजे गाईची चरबी. सिचुआनी हॉटपॉटचा तो जुना रिवाजच आहे. चरबीत मिरच्या, मसाले आणि आंबवलेल्या दाण्यांची पेस्ट परतून रस्सा करतात, रश्श्याला तो जाड तवंग आणि वास तिनेच येतो. टेबलाभोवती दहा माणसं भुकेली बसलेली, पातेलं रटरटत होतं. क्षणभर कुणी काही बोललं नाही. एक तरुण मुलगा हसत काहीतरी म्हणाला. त्याचा अर्थ मला नंतर कळला, "तेल म्हणजे काही मांस नाही." त्याचं फार चुकीचं होतं असंही नाही. कितीतरी भारतीय पाहुणे तिथे हॉटपॉट आनंदाने खाऊन गेले असतील आणि कुणी त्यांना काही सांगितलं नसेल.

मला आजही त्या क्षणाचं नवल वाटतं ते ह्यासाठी. ज्येज्ये गप्प बसल्या असत्या तर मला जन्मात कळलं नसतं. तेलाला चेहरा नसतो. मी बटाटा खाल्ला असता, वा वा म्हटलं असतं, टीम खूश, मीही खूश. सांगण्यात सगळ्यांचीच अडचण होती. तरी त्यांनी सांगितलं. मग पोऱ्याला हाक मारून ते आख्खं पातेलं उचलायला लावलं आणि मध्ये पत्र्याचा पडदा असलेलं दुसरं आणवलं. एका भागात लाल रस्सा, दुसऱ्या भागात अळंब्यांचा पांढरा. ह्या जोडपातेल्याला तिकडे बदकांच्या जोडीचं नाव आहे, नेहमी नर-मादी एकत्र पोहणाऱ्या मँडरिन बदकांचं. चवकशी करून, पांढऱ्या भागात नुसत्या अळंब्याच आहेत ना हे दोनदा विचारून, एक वेगळी झारी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "छ्र!" खा.

आता पडदा असला तरी लोकांच्या चॉपस्टिका इकडून तिकडे जात होत्या. लाल थेंब पांढऱ्यात पडत होते. मी तिकडे पाहिलं नाही. सोवळ्याच्या नावाखाली काय काय चालतं ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. कमळाची देठं, कोहळा, वाटाण्याचे कोवळे शेंडे, दोरीसारखी बारीक अळंबी आणि टोफू. त्या रात्री मी चिक्कार जेवले. पुढच्या वेळी टीम जेवायला गेली तेव्हा ज्येज्येंनी वनस्पती तेलात रस्सा करणारं हॉटेल शोधून ठेवलं होतं. ते मेल मात्र तसंच ड्राफ्टमध्ये पडून राहिलं.

सोमवारी बारा वाजता मी लिफ्टच्या रांगेत होते.

आता खरी गंमत सुरू झाली. ऑफिसमागच्या गल्लीत दहा-बारा खानावळी होत्या. कुठेही बसलं की आधी गरम पाण्याचा नाहीतर चहाचा जग येतो. थंड पाणी मागितलं तर लोक तब्येतीची चौकशी करतात. मेनूवरचं नुसतं 'रोऊ' म्हणजे मांस, पण विशेषण नसेल तर ते डुकराचंच समजायचं, आणि भाजीवर भुरभुरवलेला खिमा हा मांसात धरतच नाहीत! डुकराच्या बाबतीत मी काय ठरवलं ते इथे सांगत नाही, आई हे वाचते. पदार्थांच्या नावांनी तर माझी भरपूर करमणूक केली. 'माशाच्या वासाचं वांगं' ह्यात मासा औषधालाही नसतो, माशासाठी वापरायचा मसाला तेवढा असतो. हे वांगं भाताबरोबर इतकं सुरेख लागतं की मी ते आठवड्यातून तीनदा खाल्लंय. 'नवरा-बायकोचे फुप्फुसाचे काप' हा गाईच्या अवयवांचा प्रकार, तो ज्येज्ये माझ्यापर्यंत पोचूच देत नसत. दानदान मियान ह्या नूडल्समधलं दान म्हणजे खांद्यावरची कावड. फेरीवाले एका टोकाला शेगडी आणि दुसऱ्या टोकाला नूडल्स बांधून गल्लोगल्ली फिरत, त्यावरून हे नाव. कावडीच्या शेवया म्हणा ना! सशाची मुंडकी मात्र मला पाहवली नाहीत. प्लास्टिकचे हातमोजे घालून, गप्पा मारत, दात-जबड्यासकट ती सोलून खाणाऱ्या नाजूक मुली पाहिल्या की मी खिडकीबाहेर बघायची. त्यांनीही ते कधी मनावर घेतलं नाही.

आणि मग तो मासा आला.

नाव 'पाण्यात उकडलेला मासा'. ऑक्टोबरातला पावसाळी दिवस होता, ज्येज्येंनी मागवला होता. नाव ऐकून वाटावं, आजाऱ्याचं पथ्य. आला तो घमेल्याएवढ्या भांड्यात, तेलावर लाल मिरच्यांचा गालिचा अंथरलेला. तळाशी मोड आलेली कडधान्यं, त्यावर गोड्या पाण्यातल्या माशाचे पातळ काप, त्यावर मिरच्या आणि बारीक तपकिरी बोंडं पसरून अगदी शेवटी वरून कडकडीत तेल ओततात. म्हणजे वरून दिलेली फोडणीच. तो चर्र आवाज ऐकूनच मला अर्धं घरी गेल्यासारखं झालं. तेल प्यायचं नसतं, त्यातून मासा तेवढा उचलायचा.

मी उचलला. पहिल्या घासाला मिरची लागली, ती ओळखीची. दुसऱ्या घासाला ओठांना मुंग्या आल्या. तिसऱ्याला जीभ झिणझिणायला लागली आणि नाकात लिंबाच्या सालीचा, ओल्या लाकडाचा असा एक वास शिरला. मी चॉपस्टिक खाली ठेवली. सगळ्यांना वाटलं, तिखट लागलं. कुणी पाणी पुढे केलं, कुणी भात. मी त्या भांड्यातून एक बोंड उचलून बघत बसले. चिमुकलं, उकललेलं, खरखरीत सालीचं, आतली काळी बी काढून टाकलेलं.

तिरफळ!

ज्यांचा कोकणाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. तिरफळ म्हणजे मालवणी आणि गोव्याकडच्या स्वयंपाकातलं एक अजब फळ. झाड काटेरी, फळं मिरीपेक्षा जरा मोठी. वाळवून बी टाकून द्यायची, नुसतं टरफल ठेचून घालायचं, ते बांगड्यासारख्या उग्र माशात नाहीतर तुरीच्या डाळीत. माझी आजी बांगड्याचं तिखलं करायची. लाल मिरची, आमसुलं, आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. "तिरफळां नाय घातली तर बांगड्याक चव खंयची?" मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही नातवंडं जीभ बधिर होईस्तोवर ते खायचो आणि मग एकमेकांना जीभ बाहेर काढून दाखवायचो. आजी २०१२ साली गेली. आई साताऱ्याची, तिला त्या वासानेच मळमळतं. त्यामुळे आमच्या घरात तिरफळ परत आलं नाही. चार वर्षांनी ते मला भेटलं ते वेंगुर्ल्यापासून हजारो किलोमीटरवर, एका चिनी घमेल्यात.

तिकडे ह्याला ह्वाज्याओ म्हणतात. त्याने येणाऱ्या बधिरपणाला 'मा', मिरचीच्या तिखटाला 'ला', दोन्ही मिळून मा-ला. सिचुआनच्या स्वयंपाकाचा सगळा जीव ह्या दोन अक्षरांत आहे. आमच्या गाडीवरच्या शेजवान चटणीत ला आहे, मा कुठेच नाही. मी नंतर बरंच वाचलं. ह्वाज्याओ आणि तिरफळ ही एकाच वंशातली सख्खी चुलत भावंडं, झँथोझायलम हे त्यांचं शास्त्रीय आडनाव, आणि दोघंही लिंबाच्या कुळातली. म्हणून तो सालीचा वास. जीभ झिणझिणवणाऱ्या द्रव्याला सान्शूल म्हणतात. २०१३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी लोकांच्या ओठांना ह्वाज्याओ लावून ती झिणझिण बोटावर दिलेल्या कंपनांशी ताडून पाहिली. ती भरली सेकंदाला सुमारे ५० कंपनं. घरच्या विजेचीही वारंवारता तेवढीच, आपल्याकडेही आणि चीनमध्येही. लहानपणी शॉक बसल्यासारखं वाटतं म्हणायचो ते अगदीच उगीच नव्हतं तर!

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. मिरची ही दोन्हीकडे पाहुणी. अमेरिका खंडातली. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रमार्गे पोचली. सिचुआनसारख्या आतल्या मुलखात रुळायला तिला आणखी पुष्कळ काळ लागला. त्याआधी शेकडो वर्षं तिथे हे ह्वाज्याओच होतं. आपण ज्याला अस्सल सिचुआनी म्हणतो आणि ज्याला अस्सल मालवणी म्हणतो, त्या दोन्हींत मूळची घरची म्हणावी अशी ही काटेरी झाडाची बोंडं.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. "आई, इथे माशात तिरफळं घालतात!"

"अगं बाई," आई म्हणाली, "तिथेही?"

(शाकाहारी मंडळींनी निराश होऊ नये. चेंगदूच्या मध्यात वेन्शू मठ आहे, तिथल्या भोजनालयात बौद्ध पद्धतीचं जेवण मिळतं. मांसमच्छी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या मावशीला मी तिथला फोटो पाठवला तर ती म्हणाली, एवढं आहे तर मी येते. आली मात्र नाही.)

पुढच्या वर्षी मे महिन्यात रजेवर आले तेव्हा वेंगुर्ल्याला गेले, काकूकडून मूठभर तिरफळं मागून घेतली आणि पुडीत बांधून चेंगदूला नेली. ज्येज्येंनी मला त्या रविवारी घरी जेवायला बोलावलं होतं. मापो टोफू करणार होत्या. हा चेंगदूचाच पदार्थ, १८६२ साली तिथल्या चेन आडनावाच्या खानावळवाल्या बाईंनी केला असं सांगतात. 'मा' म्हणजे इथे देवीचे व्रण, बाईंच्या चेहऱ्यावरचे. (हा मा वेगळा का, तर नाही, अक्षर तेच!) मूळ कृतीत गाईचा खिमा असतो. ज्येज्येंनी त्याऐवजी बारीक चिरलेली सुकी अळंबी घातली होती. त्यांच्या सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ते पाहत होत्या आणि पहिलं पाऊण तास त्यांचा चेहरा काही सैल झाला नाही. तिखलं करताना माझ्या आईकडे बघणाऱ्या आजीचा चेहरा मला आठवला. सासवांना भाषांतर लागत नाही.

मी पुडी सोडली. ज्येज्येंनी एक तिरफळ उचललं, उलटसुलट केलं, हुंगलं आणि सासूबाईंना दिलं. सासूबाईंनी ते सरळ दाताखाली धरलं. आम्ही दोघी बघत राहिलो. एक मिनिट काही नाही. त्यांनी मान हलवली, म्हणजे ह्यात काही राम नाही. मग त्या थांबल्या. ओठांवर बोट ठेवलं. मग जीभ बाहेर काढून हसायला लागल्या, अगदी आम्ही नातवंडं हसायचो तशा.

"आमच्यापेक्षा उशिरा येतं," असं त्यांचं म्हणणं ज्येज्येंनी मला फोडून सांगितलं, "पण आलं की जायचं नाव घेत नाही. वास बरा आहे. जरा रानटी."

उरलेली तिरफळं त्यांनी एका काचेच्या बरणीत भरली, चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर पेनाने लिहिलं, यिन्दू ह्वाज्याओ. मग ती बरणी फळीवर मिठाशेजारी ठेवली आणि मला विचारलं की तुमच्याकडे हे घालतात तो मासा समुद्रातला की नदीतला?